खिळ्यावरची तार

दादा, तुला जाऊन वीस दिवस झाले आणि तेवढेच दिवस माझी पिकअप दारात उभी होती. लोकांना वाटलं, भाऊ गेला म्हणून सुजाता गाडीला हात लावत नाही. घरच्यांनाही तसंच वाटलं आणि मी वाटू दिलं. खरं कारण बॉनेटखाली होतं. तिथे बॅटरीपासून वीतभर अंतरावर तू बसवलेल्या फ्यूजच्या डबीत मी तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती, आणि तू विचारलंस तेव्हा तुझ्याशी चक्क खोटं बोलले होते.

हे आधीच सांगून टाकते, कारण आता तू मध्येच तोडणार नाहीस. माझं वाक्य तुझ्यापुढे पहिल्यांदाच पुरं होतंय.

पुण्यानुमोदनाला खूप लोक आले होते. एवढी माणसं तुला ओळखतात हे मला ठाऊक होतं, पण तुझ्या शिव्या खाऊनही एवढी येतील असं वाटलं नव्हतं. एक गृहस्थ बोलायला उठले आणि म्हणाले, "मिलिंदभाऊ म्हंजे आपल्या समाजाचा फ्यूज व्हते. सोता जळाले, पर आपल्याला वाचवलं." सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनीनं डोळ्याला पदर लावला. मला मात्र हसू आवरेना. तू असतास तर मागच्या सतरंजीवरून विचारलं असतंस, "किती अँपिअरचा?" मी पदरात तोंड खुपसलं, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. शेजारच्या बायकांनी पाणी आणून दिलं. त्यांना सगळं एकच वाटलं असणार.

तुझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान मंचरात, घोडेगाव रस्त्याला. पत्र्याची शेड, पुढे ऑइलनं काळी झालेली जमीन, आणि आत शिरल्यावर डाव्या हाताला ती प्लायवूडची फळी. फळीवर ओळीनं खिळे आणि प्रत्येक खिळ्याला कुणाचं ना कुणाचं पाप. जळकी तार, वितळलेला सॉकेट, इन्सुलेशन टेप संपली म्हणून जोडाला गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी. खाली पांढरी पट्टी आणि तिच्यावर तुझ्या गोल अक्षरात मालकाचं नाव आणि गाव. काढलेला जुगाड तू कधी फेकला नाहीस आणि नाव लिहायला कधी चुकला नाहीस. आबांनी मोपेडच्या दिव्याची तार सुतळीनं बांधली होती, तीही लटकवलीस. "आबा, घोडेगाव." सख्ख्या बापाला सोडलं नाहीस. आबा दुकानात आले की त्या फळीकडे पाठ करून बसायचे आणि चहा बशीत ओतून घाईनं संपवायचे.

त्या फळीवरून आपलं भांडण किती वर्षं चाललं, आठवतं का?

"दादा, लाजेपायी लोक खरं सांगत न्हाईत. तू नाव लिव्हतो म्हनून दुसऱ्या दुकानात जात्यात."

"जाऊ दे की. लाज वाटल्याबिगर तार सुटत न्हाई."

"आन लाज वाटली की मानूस लपवतो, त्याचं काय?"

"तू गाडी चालव."

"तू गाडी चालव" म्हटलंस की समजायचं, तुझ्याकडचं उत्तर संपलं.

पण गाडी चालवायला तूच शिकवलंस, हेही खरं. मी पिकअप घेते म्हटल्यावर आबा म्हणाले, पोरीची जात, घाटात कुठं जाणार. आमचे हे पतसंस्थेत कारकून, घाट नुसता दिसला तरी डोळे मिटून घेतात. तू आबांना एवढंच म्हणालास, "ती माझ्यापरीस बरा क्लच सोडती." तेवढ्यावर विषय संपला. गेली पाच वर्षं अवसरीची तरकारी भीमाशंकरच्या हॉटेलांना मी घालते, हिरड्याच्या दिवसांत परतताना आहुप्याकडून पोती भरून आणते, आणि दोन पोरांची शिक्षणं गाडीवरच चालली आहेत. हे मी तुला एकदा नीट सांगायला हवं होतं. सांगायला गेले असते तर तू म्हणाला असतास, टायरात हवा बघितली का.

यंदा जुनी पिकअप देऊन ही नवी घेतली, त्या दिवशी वहिनीनं पेढे आणले. तू पेढा तोंडात टाकलास आणि तासभर बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं नाहीस. मग हात पुसत म्हणालास, "सुजे, जुन्या गाडीला इंजिन व्हतं. हिला इंजिन एक आन कंप्युटरची डोकी चार हायेत. हिच्या कुठल्याबी वायरीला न इचारता हात लावायचा न्हाई."

"इचारायचं कुनाला, गाडीला?"

"मला."

मी कसली विचारते. रस्त्यावरच्या बाकी पिकअप लग्नातल्या करवल्यांसारख्या सजलेल्या, आणि माझी एकटी शाळेच्या गणवेशात. तू म्हणायचास, लायटींच्या माळा गाडीला कशाला, तिला काय मांडवात उभी करायची हाये. म्हणून मी तुला न सांगता नारायणगावच्या एका दुकानात गेले. मागे लाल-निळ्या दिव्यांची पट्टी आणि गाणारा हॉर्न बसवून घेतला. त्या माणसानं कंपनीच्या वायरीची साल काढली, जोडायचा चिमटा दाबला आणि अर्ध्या तासात मोकळा झाला. दोन दिवस मी रस्त्यात विनाकारण हॉर्न वाजवत फिरले. तिसऱ्या दिवशी डिंभ्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं चालायला लागली. त्यानं हॉर्नसाठी करंट घेतला होता तो इंजिनाच्या सेन्सरच्या वायरीतून.

तू चार गिऱ्हाइकांसमोर मला काय काय बोललास ते इथे लिहीत नाही. वायर जोडून दिलीस, गाडी सुरू केलीस आणि तो चिमटा खिळ्याला अडकवलास. "सुजाता, अवसरी."

"दादा, नाव काढ."

"न्हाई काढनार. आबाचं हाये, तुजं का नगं?"

मी दोन महिने तुझ्याशी बोलले नाही. मंचरात यायचे तेव्हा मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं जायचे आणि डिझेल वाया घालवायचे. तूही फोन केला नाहीस. दोघं एकाच आईची लेकरं, दुसरं काय.

मग श्रावण आला. पोखरीच्या घाटात सकाळी आठ वाजताही समोरचा बैल शिंगं लागल्यावर दिसतो, इतकं धुकं. फॉगलॅम्पशिवाय जाणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि पुन्हा नारायणगावला जायची माझी छाती नव्हती. मी गाडी तुझ्या शेडपुढे लावली आणि आतच बसून राहिले. तू बाहेर आलास, माझ्याकडे न बघता पुढच्या बंपरकडे बघितलंस आणि म्हणालास, "दोन लागतील. पिवळं घेऊ, धुक्यात पांढरं डोळ्यावर येतं." तोच आपला समेट.

त्या दिवशी तू मला शेजारी उभं केलंस आणि सगळं काम माझ्याच हातानं करून घेतलंस. किल्ली काढून दहा मिनिटं थांबायचं, गाडीची डोकी झोपू द्यायची. मग बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढायचं, आणि जोडताना ते शेवटी. टेस्ट लॅम्प घेऊन वायरीत टोचायचं नाही, मीटर लावायचा. दिव्यांचा करंट कंपनीच्या वायरीतून उसना घ्यायचा नाही, थेट बॅटरीवरून स्वतंत्र लाइन आणायची. मी विचारलं, स्विच असताना हा रिले कशाला. तू म्हणालास, "स्विच म्हंजे सरपंचाची सही. काम शिपाईच करतो. सगळा भार सहीवर टाकला तर कागद पेटंल." अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग चकाकेपर्यंत माझ्याकडून घासून घेतलास. वायर पत्र्याच्या भोकातून पुढे न्यायची वेळ आली तेव्हा भोकात बसवायचं रबर तू स्वतः शोधून आणलंस, कारण "पत्र्यातनं वायर नागडी न्यायची न्हाई."

शेवटी फ्यूज. निळा, पंधराचा. माझ्या तळहातावर आणखी दोन ठेवलेस.

"ह्यो दिव्यासाठी न्हाई, वायरीसाठी हाये. वायर तापायच्या आत हा जायला पायजे. एक गेला तर बदल. ह्यातला दुसराबी गेला तर गाडी बाजूला घे आन मला फोन कर. तिसरा मुद्दाम देत न्हाई."

दादा, तिसरा दिला असतास तरी काय झालं असतं माहीत नाही. कारण आपल्या शिवारात फ्यूज गेला की काय करतात ते तुलाही ठाऊक आहे. पाण्याच्या मोटारीच्या पेटीत आबा बोटाएवढी जाड तार बांधायचे. वीज येणार मोजक्या तासांची, त्यात फ्यूज उडाला तर पाण्याची पाळी गेली, म्हणून असली तार बांधायची की मोटार जळेल पण फ्यूज जाणार नाही. तू ते बघून वायरिंग शिकायला गेलास. मी ते बघून नुसती मोठी झाले. ती तार माझ्या हातात आबांकडून आली.

श्रावणातला सोमवार होता. मागे कोथिंबीर, टोमॅटो, हिरवी मिरची. वर देवळात गर्दी, हॉटेलवाल्याचा दोनदा फोन येऊन गेलेला. घाटाच्या पहिल्या वळणावर खड्ड्यात चाक आपटलं आणि दिवे गेले. एक फ्यूज बदलला. दोन वळणांनंतर पुन्हा खड्डा, पुन्हा अंधुक पांढरं सगळं. दुसरा बदलला, तोही गेला. गाडी बाजूला घेतली. तुला फोन लावला, पण घाटात रेंज नव्हती. मागून एस.टी. हॉर्न देतेय, पुढे दरी कुठे संपते ते दिसत नाही. मग मी टूलबॉक्समधला वायरीचा जुना तुकडा सोलला, त्यातलं तांबं पिळलं आणि जळक्या फ्यूजच्या दोन्ही पायांना गुंडाळलं. दिवे लागले. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

घरी गेल्यावर काढू, असं ठरवलं होतं. संध्याकाळी तुझा फोन आला.

"दिवं चाललं का?"

"झ्याक."

"फ्यूज?"

"एक गेला. तू दिलेला घातला."

"आन दुसरा?"

"हाये की डबीत."

तू हं म्हणालास. मी फोन ठेवला आणि त्या फळीवर माझ्या नावाची दुसरी पट्टी मला दिसायला लागली. आज नको, उद्या काढू म्हणत अर्धा पावसाळा मी ती तार घेऊन घाट चढले. एकदा केबिनमध्ये रबर जळल्यासारखा वास आला होता. मी काच खाली केली आणि क्रेटचा असेल म्हणून सोडून दिलं. पोरं कधी कधी शेजारी बसलेली असायची.

तू जायच्या आठवडाभर आधी तुझा फोन आला. "हॉर्न बसलाय म्हनत व्हतीस ना, गाडी आन." मी आणली. हॉर्न पुढे असतो, फ्यूजची डबी मागे, कदाचित दिसणार नाही, असं मनाशी म्हणत बाजारात गेले. दुपारी आले तेव्हा तू बॉनेट लावून हात धुवत होतास.

"झाला हॉर्न," म्हणालास. बस. मी बोलणी खायची वाट बघत उभी. तू चहा सांगितलास. माझ्या कपात साखर जास्त घालायला लावलीस, लहानपणी घालायचास तशी. निघताना खिडकीवर हात ठेवून म्हणालास, "घाटात जपून जा." मी फाटकाबाहेर पडले आणि सुटले म्हणून मोठ्यानं हसले. आपली शेवटची भेट आणि मी मोठं काही मिळवल्यासारखी हसले, ते तू गेल्यापासून रोज आठवतं. तुला दिसलं नाही, आता कधीच कळणार नाही, हे खोटं माझ्याबरोबरच जाईल. म्हणून गाडी उभी होती. ती तार काढायला हात धजत नव्हता. काढली असती तर तुझ्याशी खोटं बोलले होते हे कबूल करावं लागलं असतं.

काल सकाळी हॉटेलवाल्याचा फोन आला, ताई, येणार का दुसरा माणूस बघू. मी म्हटलं, परवा येते. मग बॉनेट उघडलं. किल्ली काढून दहा मिनिटं थांबले. निगेटिव्ह आधी काढलं. डबीचं झाकण उचललं.

आत निळा फ्यूज होता. पंधराचा, कोरा. तार नव्हती.

मी फ्यूज उपसून बघितला आणि परत बसवला. मग वायरीवरून हात फिरवत पुढे गेले, तू शिकवलंस तशी. पत्र्याच्या भोकाजवळ वायर नवी होती, हातभर, वर काळी नळी चढवलेली आणि भोकात नवं, मोठं रबर घट्ट बसवलेलं. तेव्हा कळलं. पहिलं रबर भोकाला लहान पडलं होतं. खड्ड्यात आपटून ते निसटलं आणि वायर पत्र्यावर घासायला लागली, म्हणून फ्यूज जात होते. म्हणजे आधीची चूक तुझी होती, दादा. आणि तुझी चूक फ्यूज ओरडून सांगत असताना त्याचं तोंड मी तारेनं बांधलं. आपण दोघांनी मिळून ती गाडी पेटवायची जवळजवळ सगळी तयारी केली होती.

निगेटिव्ह परत जोडलं आणि हॉर्न दाबून बघितला. तोही खरंच दुरुस्त केला होतास. रडू आलं ते त्या हॉर्ननं.

आज मंचरला गेले. वीस दिवसांनी गाडी रस्त्यावर काढली. वहिनी दुकान आवरायला आली होती. शटर वर केलं तर तुझ्या सोल्डरचा वास अजून आत होता. वहिनी स्टूलावर बसली आणि म्हणाली, "वन्सं, ही फळी मातर मी कुनाला देनार न्हाई. लई शिव्या दिल्या हिला, पर ऱ्हाऊ दे." मी मान हलवली आणि ओळीनं बघत गेले. आबांची सुतळी. माझा चिमटा. शेवटच्या खिळ्यापाशी थांबले.

त्या एका खिळ्याला दोन वस्तू होत्या. एक फाटलेलं छोटं रबर, त्याखाली पट्टी, तुझंच गोल अक्षर. "मिलिंद, मंचर." आणि त्याला लागूनच, वितळून काळ्या पडलेल्या वायरीच्या तुकड्याभोवती, माझ्या हातानं पिळलेली तांब्याची तार. तिच्याखालीही पांढरी पट्टी होती. कोरी.

"ही कुनाची काय म्हाईत," वहिनी म्हणाली. "मी इचारलं तर म्हनले, ऱ्हाऊ दे तशीच. हे कदी नाव लिवायचं इसरत न्हवते."

मी बाहेर येऊन गाडीला टेकून उभी राहिले. तू हरलास का रे त्या भांडणात? लाज वाटली की माणूस लपवतो, हे तुला शेवटी पटलं, म्हणून माझं नाव टाळलंस? की तुला ठाऊक होतं की मी एक दिवस इथे येऊन ते स्वतः लिहीन, आणि तू नुसती जागा ठेवलीस? तुझ्या पद्धतीनं बघितलं तर दुसरं. पण तू त्या दिवशी चहात साखर जास्त घालायला लावली होतीस, म्हणून मला पहिलंही वाटतं. हे भांडण आता कधीच मिटणार नाही. मिटावं असंही नाही.

आत गेले. तुझ्या गल्ल्याच्या डब्यात तो निळा मार्कर होता, टोपण चावलेला. पट्टी खिळ्यावरून न काढता, एका हातानं धरून मी लिहिलं. माझं अक्षर वाकडं आलं. वहिनी उठून जवळ आली, तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

सुजाता, अवसरी.

घे दादा. आता ओरड.